रॉ साठवायचं कशात? डीएनजीची घाई नको

रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेला फोटोचा कच्चा डेटा, कशात साठवायचं विचारलं की सल्ला ठरलेला: "डीएनजी फॉरमॅटमध्ये करून टाका, जागा वाचते." सांगणाऱ्याला एवढंच विचारा, मूळ फाइली तू ठेवल्यास की उडवल्यास?

कॅमेऱ्यात रॉ लावा. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, कॅननची सीआर३, जुन्या बॉडीची सीआर२. कॉम्प्रेशन विचारलं तर लॉसलेस. २४ मेगापिक्सेल, १४ बिटचा फोटो अनकॉम्प्रेस्ड ठेवला तर ४० एमबीच्या वर जातो. लॉसलेसमध्ये बराच उतरतो आणि आतलं काही हरवत नाही. कार्ड उतरवून घ्या.

आता डीएनजी. अडोबीने २००४ मध्ये आणलेला हा खुला फॉरमॅट. पेंटॅक्स, लायकावाल्यांना कॅमेऱ्यातूनच मिळतो, त्यांना ताप नाही. बाकीच्यांना कन्व्हर्टर, म्हणजे फॉरमॅट बदलणारं सॉफ्टवेअर, लागतो, आणि तिथंच मी आपटलो.

जोतिबाची चैत्र यात्रा. सासनकाठ्या, वरून गुलाल, माणसं नखशिखांत गुलाबी. डिस्क भरत आली म्हणून अख्खी यात्रा एका रात्रीत डीएनजी केली आणि एनईएफ उडवल्या. लॉसीवर, म्हणजे डेटा टाकून फाइल लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनवर, टिक होती, ती मी बघितलीच नाही. फाइली भसाभस लहान झाल्या तेव्हा उलट खूश झालो! पुढं मोठ्या प्रिंटसाठी एका फोटोतली सावली उजळायला गेलो, तर गुलालाच्या ढगात रंगाच्या पायऱ्या-पायऱ्या. गुलालात लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा डेटा, आधीच भरून काठावर असतो, तिथं रॉमधला कण न् कण लागतो. मी तोच फेकला होता. निकॉनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बघू म्हटलं, तर ते डीएनजी उघडतच नाही. मूळ फाइल आत बसवलेली नसेल तर डीएनजीवरून परत एनईएफ होत नाही.

म्हणून कन्व्हर्टर उघडला की आधी लॉसीची टिक काढा. लिनिअरचीही काढा, त्यात प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग भरून मिळतात, फाइल फुगते आणि सेन्सरचा मूळ डेटा जातो. मूळ रॉ आत बसवायचा पर्याय असतो, पण मग आकार दुपटीच्या आसपास जातो. त्यापेक्षा मूळ फाइलच ठेवा की! दहा फाइली करून दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, सावल्या उजळून बघा. तोवर डिलीटला हात लावायचा नाही.

माझं मत पक्कं आहे: मूळ रॉच साठवायचा. नव्या कॅमेऱ्याची फाइल जुन्या लाइटरूमला (अडोबीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) वाचता येत नसेल तर डीएनजी करा, तेही जास्तीची प्रत म्हणून. त्यात चेकसम, म्हणजे डेटा ताडून बघायचा आकडा, असतो, फाइल सडली तर कळतं, हा गुण मी मान्य करतो. पण एडिट फाइलच्या आत लिहिलं की बॅकअपला अख्खी फाइल पुन्हा कॉपी होते. एनईएफचं एडिट शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत राहतं, काही केबींचं. नाव बदलताना मात्र दोन्ही एकदम बदला, नाहीतर जोडी तुटते.

दोन डिस्क, दोन घरांत. कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरानंतर माझी दुसरी डिस्क राजारामपुरीत, बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावर असते.