डिसॅबिलिटी पेन्शन: आधी तो एक रकाना वाचा, मग टक्के बघा

मी फौजेत क्लर्क होतो, हवालदार म्हणून घरी आलो, आता अमळनेरला असतो. रविवार उजाडला की कोणी ना कोणी पिशवी घेऊन ओट्यावर येतंच, कधी पारोळ्याचा, कधी शिरपूरकडचा, आणि पिशवी उघडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, मग डिस्चार्ज बुक, मग घडीवर फाटलेले पिवळे कागद. बोलणं ठरलेलं. "भाऊ, मना गुडघा दुखस, काही भेटी का?"

आता खरं सांगू का, नुसता गुडघा दुखतो म्हणून काही भेटत नाही. घरी येताना तुमचं जे रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांची शेवटची तपासणी झाली, त्याचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६, त्यात एक रकाना असतो, हा त्रास नोकरीमुळे झाला का, म्हणजे अॅट्रिब्युटेबल, किंवा आधीचा होता पण नोकरीमुळे वाढला का, म्हणजे अॅग्रव्हेटेड. तिथे येस असेल तर तुमचं काम अर्धं झालं. दोन्हीकडे नो असेल तर त्याला फौजेत इंग्रजी आद्याक्षरांवरून नाना म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला मोठा माणूस, हा नाना मात्र घर बुडवणारा. लोक येऊन मला डिसॅबिलिटीचे, म्हणजे अपंगत्वाचे टक्केच सांगतात, ३० टक्के आहे, ४० टक्के आहे, पण रकान्यात नो असेल तर ४० टक्के नुसते शोभेचे. मी स्वतः माझ्या बोर्डाच्या वेळी न वाचता सही केली होती, गाडी पकडायची घाई होती, आणि क्लर्क असून केली, त्यामुळे दुसऱ्याला हसायचा मला काही हक्क नाही.

कागद हातात नसेल तर आधी तो मिळवा, त्याच्याशिवाय कोणी वकील, कोणी एजंट काही खरं सांगू शकत नाही. आपल्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करा, तोफखान्याचं नाशिक रोडला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. उत्तर आलं नाही तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागताना नुसता बोर्डाचा कागद मागू नका, भरती झाली तेव्हाचं मेडिकल, इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे युनिटची चौकशी झाली असेल तर तिची कॉपी, हे सगळं एकाच अर्जात लिहा.

भरतीचं मेडिकल कशाला? कारण भरती होताना तुम्ही फिट होता आणि त्या कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नाही, तर नंतर झालेला आजार नोकरीतलाच धरायचा, तसा नाही हे सरकारने दाखवायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये सांगितलं. त्यांना फिट्स येत होत्या, २० टक्के लिहिले होते आणि बोर्डाने कारण न देता नोकरीशी संबंध नाही म्हणून टाकलं होतं. बोर्डाने कारण लिहिलंय का, हे म्हणूनच बघायचं. "कॉन्स्टिट्युशनल डिसऑर्डर", म्हणजे मुळातच शरीरात असलेला दोष, एवढे दोनच शब्द असतील तर अपीलला जागा आहे.

सुट्टीवरचा अपघात हा वेगळाच गोंधळ. सुट्टी लागली, युनिटमधून निघालात आणि घरी येताना वाटेत लागलं तर तो प्रवास ड्युटीत धरतात. पण घरी पोचल्यावर रावेरला भावाची केळी भरताना ट्रॅक्टरवरून पडलात तर त्याचा नोकरीशी संबंध दाखवणं फार अवघड, आणि तिथे कोणी "करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर समजून घ्या.

आता पैशाचं. डिसॅबिलिटी पेन्शनमध्ये दोन भाग असतात, सर्व्हिस एलिमेंट आणि डिसॅबिलिटी एलिमेंट. डिसॅबिलिटी एलिमेंटसाठी साधारण कमीत कमी २० टक्के लागतात, आणि १०० टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, कमी असेल तर त्या प्रमाणात. पगार म्हणजे बेसिक, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून. समजा ४०,००० धरले तर ३० टक्के म्हणजे १२,०००, आणि तुमची डिसॅबिलिटी २० टक्के असेल तर त्यातले २,४००. पण ब्रॉड बँडिंग, म्हणजे टक्के वरच्या टप्प्यावर नेऊन धरणं, लागलं तर २० चे सरळ ५० होतात, म्हणजे ६,०००, वर महागाई वेगळी. ५० च्या आत असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्याच्या पुढे १००, असा तो हिशोब. सरकारने हे २००१ च्या पत्राने फक्त आजारामुळे मुदतीआधी बाहेर काढलेल्यांना दिलं होतं, पण १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पूर्ण नोकरी करून आलेल्यांनाही द्या म्हणून सांगितलं. स्वतः अर्ज करून मुदतीआधी घरी आलेल्यांना डिसॅबिलिटी एलिमेंटलाच आधी नाही म्हणायचे, २००९ च्या पत्राने १ जानेवारी २००६ नंतर आलेल्यांना तो मिळायला लागला. तर जुन्या लोकांनी स्पर्श या फौजेच्या पेन्शन पोर्टलवर जाऊन आपल्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरीत, टक्के किती लागलेत ते आजच बघा, २० चे २०च दिसत असतील तर तिथेच गाडी अडली आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत, पूर्ण नोकरी करून येणाऱ्यांना आता इम्पेअरमेंट रिलीफ नावाचा प्रकार आहे आणि टक्क्यांचे निकषही बदललेत, त्यामुळे त्या तारखेनंतर आलेल्या पोरांनी काकाच्या पेन्शनवरून आपला हिशोब करू नये.

लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये जखमी झालेल्यांची वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी, त्याचे पैसे बरेच जास्त. त्यांची कागदपत्रं मात्र कॅटेगरीवर अडतात, लागलं कशामुळे त्यावरून ए ते ई अशा कॅटेगऱ्या आहेत, युद्धाची ई, आणि कुठे काय लागलं हे युनिटच्या कागदावर नसेल तर पुढे कोणी ऐकत नाही.

अर्ज फेटाळला तर ६ महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर पुन्हा ६ महिन्यांत दुसरं, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं वेगळं न्यायाधिकरण. आपल्याला मुंबई बेंच लागते. अपील टाकून ६ महिने उलटले आणि उत्तरच नाही, तरी ट्रिब्युनलचा रस्ता मोकळा होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते पत्राची वाट बघत बसतात. उशीर झाला म्हणून घाबरू नका, पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो असं कोर्ट मानतं, फक्त मागचा एरिअर, म्हणजे थकबाकी, बहुतेक वेळा अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांचाच देतात, २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे. म्हणजे जितके दिवस ओट्यावर बसून चर्चा कराल तितके महिने मागून गळत जातात.

वकिलाचं म्हणाल तर मिळणाऱ्या एरिअरचा हिस्सा मागणाऱ्यापासून चार हात लांब रहा. आमच्या ओळखीच्या एकाने कोरे कागद सही करून दिले होते, मूळ डिस्चार्ज बुकही दिलं, ते परत मिळवायला त्याला दीड वर्ष लागलं. ओरिजिनल कोणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या. जळगाव, धुळ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, आधी तिथे जा, आणि जुलै २०२५ पासून नाल्साची, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेची, वीर परिवार सहायता योजना आहे, तिच्यात सैनिक बोर्डाच्या ऑफिसातच मोफत कायदेशीर मदतीचे क्लिनिक काढायचं ठरलंय, त्याची चौकशी तिथेच करा.

बाकी थोडक्यात. हातपाय गेलेल्यांसाठी पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं, आणि कमरेखाली लुळे पडलेल्यांसाठी खडकीला पॅराप्लेजिक सेंटर. १०० टक्केवाल्याला सांभाळायला माणूस लागतो असं बोर्डाने लिहिलं तर अटेंडन्स अलाउन्स मिळतो, पण तो कागदावर लिहून घ्यावा लागतो, आपोआप येत नाही. फौजेचे टक्के एसटीच्या सवलतीला चालत नाहीत, त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलमधून यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, वेगळं काढावं लागतं आणि तिथे ४० टक्के लागतात. घरपट्टी माफीचा अर्ज ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत, गावातल्या सीएससीवर अंगठा लागला नाही तर फेस स्कॅनने होतो, नांगर धरलेल्या बोटांचे ठसे कुठे उमटतात.

परवा आलेल्या नानांचा (हे खरे नाना) कागद वाचला, अॅग्रव्हेटेडच्या पुढे येस होतं, २० टक्के, आणि १९ वर्षं तो कागद कपाटात धोतरांच्या खाली होता. आज पहिला अर्ज पोस्टात टाकलाय, स्पीड पोस्टने. पोस्टाची पावती मात्र त्यांच्याकडे नको म्हटलं, ती माझ्या डायरीत लावलीय.