मचाणापर्यंत जायचं कसं, चितळ-सांबर न बिचकवता

बुद्ध पौर्णिमा (त्या चांदण्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून जनावरं बघतात, मोजतात) जवळ आली की दरवर्षी ओळखीतले चार-पाच जण तरी विचारतात, मचाणावर बसायला काय काय घेऊ, दुर्बीण कुठली, कॅमेरा कुठला. जायचं कसं हे मात्र कोणी विचारत नाही. आणि माझ्या अनुभवानं सांगतो, रात्रभर काय दिसणार हे तुम्ही गाडीतनं उतरल्यापासून शिडीवर पाय ठेवेपर्यंतच्या त्या तीन-चारशे पावलांतच ठरतं. एकदा का पाणवठ्यावरच्या सांबराला कळलं की इथं माणूस आलाय, मग तुम्ही वर कितीही गप बसा, ते येत नाही.

आधीच स्पष्ट सांगतो, हे सगळं बघायला आणि मोजायला जाणाऱ्यांसाठी आहे. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि जंगलात रात्री बसायचं तर वनखात्याच्या परवानगीनं, त्यांनी दिलेल्या मचाणावर किंवा लपणात, त्यांच्या वनरक्षकाबरोबरच. कोयना, चांदोली म्हणजे आपला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प (२०१० साली झाला), तिथं अस्वल आहे, बिबट्या आहे, गवा आहे. परदेशातले व्हिडिओ बघून पहाटे अंधारात एकटं, बिनआवाज मचाणाकडं सरकायचं वगैरे इथं करूच नका. अंधारात गवा किंवा अस्वल पाच फुटांवर अचानक समोर आलं तर त्याला पण पळायला जागा नसते आणि तुम्हाला पण. आपल्याकडं उजेडात जायचं, उजेडातच उतरायचं.

दुसरं म्हणजे, हे का जपायचं? एप्रिल-मेमध्ये ओढे आटलेले असतात, एखाद्या डोंगराच्या कुशीत एकच झरा नाहीतर वनखात्यानं टँकरनं भरलेला एकच बशीसारखा पाणवठा असतो. त्यावर दिवसभर तहान धरून बसलेलं जनावर संध्याकाळी येतं. आपण त्याला उधळून लावलं तर आपला फोटो हुकला एवढंच होत नाही, ते तहानलेलंच राहतं. हे डोक्यात असलं की पुढचं सगळं आपोआप नीट होतं.

आता मुद्द्याचं, वारा. बाकी सगळं चुकलं आणि वारा बरोबर असला तर निभावतं, पण वारा चुकला की संपलंच. सांबर, चितळ, भेकर सगळे नाकावर जगतात. आपण शाळेत भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो ना, परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो, ते इथं शब्दशः चालतं. दिवसा ऊन तापलं की दरीतली हवा उताराला धरून वर चढते, सूर्य कलला, डोंगराच्या सावल्या पडल्या की थंड झालेली हवा वरनं खाली उतरायला लागते. म्हणजे दुपारी तीनला तुमचा वास डोंगरावर जातोय आणि सात वाजता तोच वास ओढ्यात, नेमका पाणवठ्यावर उतरतोय. त्यात मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेकडचा वारा घाटमाथ्यावर सुटतो तो वेगळाच. तो जोरात असला तर हे उताराचं गणित दबून जातं आणि संध्याकाळी तो पडला की परत चालू होतं. म्हणून जाताना कुठला वारा आहे आणि बसल्यावर रात्री कुठला असणार, दोन्हीचा विचार करून वाट ठरवायची. वनरक्षकाला विचारा, तो तिथं रोज फिरतो, त्याला हे तोंडपाठ असतं.

वारा बघायला मी काही विकत घेत नाही. रुईची बोंडं एप्रिलमध्ये उकललेली असतात, त्यातल्या म्हाताऱ्या (कापसासारख्या तंतूंवर उडणाऱ्या बिया) डबीत भरून ठेवायच्या. वीस-पंचवीस पावलांनी एक सोडायची आणि ती कुठं जाते ते लांबपर्यंत बघायचं, काहीजण राख उडवतात, ती पटकन दिसेनाशी होते पण म्हातारी पुढं जाऊन वळते ते पण दिसतं, आणि ओढ्याच्या वळणावर वारा फिरतो हे मला तिच्यामुळंच कळलं. म्हातारी पाणवठ्याकडं गेली की थांबायचं आणि लांबचा वळसा घ्यायचा. अर्धा तास जास्त चाललात तरी चालेल.

वासाबद्दल लोक खूप काही करतात, शेणानं हात माखतात, पाला चोळतात. माणसाचा वास जात नाही हो. कमी मात्र करता येतो. आदल्या दिवशी सेंटचा साबण नाही, डिओ नाही, केसाला तेल नाही, अंगावर मच्छर क्रीम नाही (पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायात मोजे, एवढ्यावर भागतं). गाडीत उदबत्ती लावायची सवय असेल तर त्या दिवशी नको. तंबाखू, बिडी, गुटखा तर अजिबातच नको. आणि घाम. चढाला धापा टाकत जाऊ नका, हळू जा, सुका शर्ट पिशवीत ठेवा आणि मचाणाच्या बऱ्याच अलीकडं बदला. वाटेत फांद्यांना हात लावत, गवतातनं अंग घासत जायचं नाही, कारण तुम्ही निघून गेलात तरी वास त्या पानावर राहतो आणि मागनं येणारं भेकर तिथंच थबकतं.

कपड्याची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हरणांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, पण निळा रंग त्यांना चांगला दिसतो. निळी जीन्स घालून जाणारे मी दरवर्षी बघतो. आणि धुण्याच्या पावडरीत कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून जे केमिकल असतं ते अतिनील प्रकाशात चमकतं, आपल्याला दिसत नाही पण हरणांच्या डोळ्यांना तो भाग जास्त दिसतो, खास करून संध्याकाळच्या अंधुक उजेडात. म्हणून खाकी किंवा मळकट हिरवे जुने कपडे, रिठ्याच्या नाहीतर नुसत्या पाण्यात धुतलेले. पांढरी टोपी, पांढरा रुमाल नको.

पायात काय घालायचं? मऊ तळव्याचे, वापरून नरम झालेले बूट. कोल्हापुरी चप्पल मला पण जीव की प्राण आहे पण तिची करकर शांत रानात लांबवर जाते. आणि उघड्या पायानं तर नकोच, आपल्याकडच्या खडकाळ भागात फुरसं भरपूर आहे आणि मेमध्ये ते संध्याकाळी दगडाखालनं बाहेर पडतं. पाय कुठं टाकतोय ते प्रत्येक वेळी बघूनच.

पाचोळा हा मेमधला सगळ्यात मोठा शत्रू. ऐनाची, सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. शक्य असेल तर वनरक्षकाशी बोलून दोन-तीन दिवस आधीच मचाणाजवळच्या शेवटच्या पन्नास पावलांची वाट साफ करून घ्या, फांदीनं नुसता पाला बाजूला सारायचा, खोदाखोद नाही. ते जमलं नाही तर खडकावरनं, रेतीवरनं, जिथं जमीन उघडी आहे तिथनं पाय टाकत जायचं. आणि चालण्याची लय मोडायची. माणूस दोन पायांवर एकसारखा चालतो, खस-खस-खस-खस, रानात असा आवाज दुसरं कोणी करत नाही. चितळ दोन-तीन पावलं टाकतं, थांबतं, मान वर करतं, परत एक पाऊल. तसंच चालायचं. तीन पावलं, थांबा, ऐका. मग दोन. मग पाच. सुरवातीला विचित्र वाटतं पण या थांबण्यातच आपल्याला पुढं काय आहे ते कळतं.

कोरड्या ओढ्यातनं जायचं का, असं विचारतात. रेती मऊ असते, दोन्ही काठ उंच असले की आपण झाकले जातो, म्हणून मोह होतो. पण उन्हाळ्यात जनावरं पण त्याच ओढ्यानं पाण्याकडं येतात. रेतीत ताजे खूर आणि ओलसर लेंड्या दिसल्या तर बाहेर पडा आणि काठाकाठानं थोडं लांबनं जा. जनावराची वाट ओलांडायची वेळ आलीच तर एकाच जागी, एकामागोमाग एक, पटकन आडवं ओलांडायचं, त्या वाटेवरनं चालत राहायचं नाही. आणि डोंगराच्या धारेवरनं किंवा मोकळ्या सड्यावरनं (खडकाळ पठारावरनं) तर नकोच, आकाशाच्या पाठीवर माणूस उभा दिसला की तो खालच्या दरीतल्या प्रत्येक जनावराला दिसतो. धारेच्या खालनं, झाडाच्या सावली-सावलीनं जा. सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशी वाट मिळाली तर फारच छान.

आवाजाचं सामान घरीच तपासा. सगळं पाठीवर घेऊन अंगणात दहा उड्या मारा, काय काय वाजतंय ते कळेल. किल्ल्या, स्टीलची बाटली, चिकटपट्टीचे खिसे (ते उघडताना चर्रर्र होतं ना, तेच), चिवड्याची प्लॅस्टिकची पुडी. खायचं सगळं फडक्यात बांधून न्या, भाकरी-चटणी बरी, वास नको म्हणून लसूण कमी. मोबाइल बंद, सायलेंट नाही, बंदच. व्हायब्रेट झालेला फोन लाकडी फळीवर किती वाजतो ते एकदा ऐकून बघा. बोलायचंच झालं तर कुजबुजू नका, कुजबुजीतला तो स्स-स्स आवाज लांब जातो, त्यापेक्षा खालच्या सुरात तोंड जवळ नेऊन एखादा शब्द. खरं तर हाताच्या खुणाच ठरवून ठेवा. मूठ वर म्हणजे थांबा, तळहात खाली म्हणजे बसा. दोन खुणा पुरतात.

वाटेत चितळानं बघितलंच तर? पहिलं म्हणजे झटकन खाली बसू नका, आडोशाला पळू नका. आहात तसे गोठून उभे राहा आणि थेट डोळ्यात बघू नका. ते मान वर-खाली करेल, पुढचा पाय जमिनीवर आपटेल, म्हणजे त्याला शंका आहे पण खात्री नाही, आणि तुम्ही हलावं म्हणून ते वाट बघतंय. शेपटी खाली आली, तोंड परत गवतात गेलं की अजून दोन-तीन मिनिटं थांबून मग तिरकं निघायचं, त्याच्या दिशेनं नाही. पण शेपटी उभी राहून शिट्टीसारखा तो तीक्ष्ण आवाज आला, किंवा सांबराचं ढाँक झालं, किंवा भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं, तर आहे तिथंच सावलीत बसा, वीस मिनिटं तरी. आणि आवाज तुमच्यामुळंच झाला असं पण धरू नका, बिबट्या असू शकतो, वनरक्षकाकडं बघा आणि तो सांगेल तसं करा.

नुसती हरणंच नाही, रानातले चुगलखोर वेगळेच असतात. पाणवठ्याच्या मोकळ्या जमिनीवर टिटवी असतेच, उन्हाळ्यात तिची अंडी तिथंच खडीत असतात, जवळ गेलात की डोक्यावर घिरट्या घालून सगळं रान उठवते. तिला लांबनं वळसा द्या, तिच्या अंड्यांसाठी पण आणि तुमच्यासाठी पण. वानरांची टोळी मचाणाच्याच झाडावर बसली असेल तर खाली जाऊन उभं राहू नका, ती आपणहून पुढच्या झाडावर सरकेपर्यंत थांबा. तीन वर्षांपूर्वी मी घाई केली होती, साडेपाच वाजले होते, उशीर झाला म्हणून सरळ वानरांच्या खालनं गेलो, मोठ्या नरानं खोक-खोक सुरू केलं ते दहा मिनिटं थांबलं नाही, आणि त्या रात्री साडेतीनपर्यंत पाण्यावर एक ससा सोडून कोणी आलं नाही. त्यानंतर मी तीनच्या पुढं कधी पोचलो नाही. दुपारी बारा ते तीन जनावरं सावलीत रवंथ करत बसलेली असतात, पाण्यापासून लांब, तीच आपली जायची वेळ. ऊन लागतं, लागू दे.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरचं थोडं वेगळं आहे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातनं उभं राहिलेलं हे जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं कुंपणातलं अभयारण्य, उघड्या डोंगरावर झाडं लावून केलेलं, तिथल्या चितळांना गाडीची आणि माणसांच्या आवाजाची बऱ्यापैकी सवय आहे. तिथं वनखात्याच्या गाडीनं मचाणाच्या अगदी जवळ सोडलं तर उत्तमच. गाडी थांबवायची, इंजिन चालूच, गपचूप दार न आपटता उतरायचं, वर चढायचं आणि गाडी निघून जाऊ द्यायची. गाडी आली, गाडी गेली, हरणांच्या लेखी विषय संपला. कोयना-चांदोलीत गाडी जात नाही तिथं हेच माणसांनी करता येतं, चौघं जायचं, दोघं वर चढायचे आणि दोघं उघडपणे, दिसतील असे परत जायचे. ती जाणारी माणसं बघितली की जनावरं निवांत होतात, किती आले आणि किती गेले हे ती मोजत नाहीत.

शिडीला घाईत चढू नका. दुपारीच प्रत्येक पायरी हातानं हलवून बघा, वाजणारी असेल तिथं काथ्या गुंडाळा. पिशवी पाठीवर घेऊन चढायचं नाही, दोरीनं वर ओढायची, म्हणजे ती आपटत नाही आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. फळ्यांवर जुनी गोधडी अंथरा, माझ्या आजीच्या हातची एक मी त्यासाठीच ठेवलीय, पाय हलला तरी आवाज होत नाही आणि पहाटेचा गारठा पण निभतो. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलेला असावा, आणि तो पण पाण्याकडं मारायचा नाही. मचाणावर चढण्याआधी लांब जाऊन लघवी करून या, रात्रीसाठी वरच बाटली ठेवा.

सकाळी उतरताना पण हीच काळजी. सहाला उजाडलं की लोकांना कंटाळा आलेला असतो, धडाधड उतरतात, आणि नेमकं त्याच वेळी चितळं परत पाण्यावर येत असतात. ती पिऊन, चरत लांब जाईपर्यंत थांबा, वनरक्षक सांगेपर्यंत खाली पाय नको. उतरल्यावर पाण्याच्या काठावर जाऊन चिखलातले खूर बघायचा, फोटो काढायचा लय मोह होतो, पण ते शिडीवरनं दुर्बिणीनंच बघा आणि आलात त्याच वाटेनं परत फिरा, कारण संध्याकाळी जनावरं परत त्याच काठावर तोंड लावायला येणार असतात आणि तोवर तिथं तुमच्या बुटाचा वास नसावा.