रीफ टाकीत मासे किती ठेवायचे, हे ठरवायचं कसं

रीफ टाकी म्हणजे प्रवाळं आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. ती सायकल झालेली आहे (म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात रुजलेत), अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत, खारटपणा ३५ (हजारी ३५ भाग) वर स्थिर आहे, हे धरून चालतो. पाणी रीफ टाकीचं मीठ कालवूनच करा. पावसाळ्यात पणजीला मिरामारच्या समुद्रात मांडवीचं गोडं पाणी मिसळलेलं असतं, ते टाकीच्या कामाचं नाही. आणि ‘सायकल करायला चार डॅमसेल (लहान, भांडखोर मासे) टाका’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. अमोनियात त्यांचे हाल होतात, आणि जगले तर पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला हुसकून लावतात.

आधी टाकीतलं खरं पाणी मोजा. ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी हिशेबाने १९० लिटरची भरते. दगड-वाळू टाकून माझ्या टाकीत २० लिटरचे सातच कॅन मावले, म्हणजे १४० लिटर.

मग मासा पूर्ण वाढल्यावर किती होतो ते बघा. दुकानात बोटभर दिसणारा ब्लू टँग फूटभर होतो. तीन फुटी टाकीत तो नकोच.

आता आकडा. मी इथेच चुकलो होतो. ‘इतक्या लिटरला इतके इंच’ हे सूत्र सगळे सांगतात, पण गोबी वाळूवर बसून असतो आणि त्याच लांबीचा टँग दिवसभर पोहतो, चरतो, घाण करतो. दोघांचा भार एकच कसा धरायचा? ‘लहान आहेत हो, घाला,’ असं दुकानदार म्हणाला आणि मी अकरापर्यंत गेलो. टेस्ट किटवर पाणी चांगलं दिसत होतं.

मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात म्हापशात रात्री साडेअकराला वीज गेली आणि पंप बंद पडले. पहाटे साडेचारला टॉर्च मारला तर सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते, कल्ले भराभर हलत होते. पाणी ३१ अंश. वीज येईपर्यंत मग्याने पाणी उचलून वरून ओतत राहिलो. तरी सहा मासे गेले.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, गरम पाण्यात आणखी कमी, आणि उष्म्यात माशांना तो जास्त लागतो. दिवे बंद झाले की प्रवाळं आणि शेवाळही फक्त प्राणवायू घेतच राहतात, त्यामुळे पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. म्हणून मी ठामपणे सांगतो, गोव्यात माशांचा आकडा वीज नसलेल्या रात्रीवर ठरवा. ‘पाणी जास्त वेळा बदला, मग मासे वाढवता येतील’ हेही चूक. पाणी बदलून नायट्रेट (घाणीतून शेवटी साठत जाणारा क्षार) उतरतं, रात्रीचा प्राणवायू वाढत नाही.

ठरवायची रीत अशी. एक मासा आणा, वेगळ्या टाकीत क्वारंटाइन करून सोडा, मग चार आठवडे थांबा. दर रविवारी एकाच वेळी नायट्रेट मोजा. १० पीपीएमच्या आसपास रेंगाळत असेल तर पुढचा मासा आणा. सलग तीन रविवार चढत गेलं तर आधी खाणं कमी करून बघा. तरीही चढलं तर तिथेच थांबा, जागा कितीही रिकामी दिसो. मे-जूनमध्ये नवा मासा आणूच नका.

१४० लिटरला माझा आकडा पाच. बुजऱ्यापासून सुरुवात करायची: आधी फायरफिश (वर जाळी हवीच, तो उडी मारतो), मग वॉचमन गोबी, मग रॉयल ग्रामा, आणि शेवटी क्लाऊनफिशची जोडी, ती दोघं मात्र एकत्र. जोडीत एक मोठा, एक लहान घ्या. मोठा मादी होतो आणि भांडणं टळतात. क्रोमिसचा थवा सुंदर दिसतो, पण लहान टाकीत ते एकमेकांना छळून एकेक करत संपतात. मी दोनदा पाहिलंय, तिसऱ्यांदा आणणार नाही.

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडून ठेवा आणि दर महिन्याला वायर काढून तो आपोआप सुरू होतो ना, ते बघा.

गेल्या जूनमध्ये वीज सहा तास नव्हती. पहाटे टॉर्च मारला तेव्हा वर कुणीच नव्हतं. गोबीसोबत एकाच बिळात राहणारी पिस्टल कोळंबी बिळातून वाळू बाहेर ढकलत होती आणि गोबी दाराशी राखण करत बसला होता.