महागड्या उपकरणांसाठी हार्ड केस कशी निवडावी?

हार्ड केस, म्हणजे कडक कवचाची पेटी, विकत घेताना बहुतेक जण आधी कवचावर टकटक करून बघतात. पण पेटी पडली की कॅमेरा वाचतो तो मुख्यतः आतल्या फोममुळे. म्हणून निवड उपकरणापासून सुरू करा.

न्यायचं सगळं सामान टेबलावर मांडा. दोन वस्तूंमध्ये दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा, कडेला आणि तळाला त्याहून थोडी जास्त. मग टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजा आणि ती पेटीच्या आतल्या मापांशी ताडून पाहा. जाहिरातीत ठळक छापलेली मापं बरेचदा बाहेरची असतात.

आता फोम. चौकोनी तुकडे उपटून खाचा करता येतात तो मऊ फोम सोयीचा असतो, पण जड वस्तूखाली तो पार दबतो. शिवाय काही वर्षांनी त्याचा भुगा होतो, दमट हवेत तर तो चिकटही होतो. जड यंत्रासाठी पॉलिइथिलीनचा घट्ट फोम मापानुसार कापून घ्यावा. हलक्या, नाजूक वस्तूला मात्र तोच फोम फार कडक पडतो आणि धक्का सरळ आत पोचवतो. सामान दर वेळी बदलत असेल, तर मागेपुढे सरकवता येणारे गादीचे कप्पे बरे. काहीही निवडा, भरलेली पेटी बंद करून हलवून बघा. आतून आवाज आला तर खाच सैल आहे. झाकण दाबून बसवावं लागलं तर तीही चूकच.

कवचासाठी माझा कौल पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकला. ॲल्युमिनियम देखणं असतं, पण आपटल्यावर त्याची कड वाकली की झाकण नीट बसत नाही आणि पाणी शिरायला वाट मिळते.

पाण्यासाठी आयपी६७ हे मानांकन पाहा. याचा अर्थ, धूळ आत जात नाही आणि 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं पेटी टिकते. तरी घरी आणल्यावर रिकाम्या पेटीत टिश्यू पेपर ठेवा, वर वजन ठेवून ती पाण्यात बुडवा आणि कागद कोरडा राहतो का पाहा. झाकणाच्या कडेचं रबर अधूनमधून पुसत जा. तिथे अडकलेला डोक्याचा एक केससुद्धा गळतीला पुरतो. विमानाने जाणार असाल तर हवेचा दाब सारखा करणारा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर उतरल्यावर झाकण उघडता उघडत नाही.

कुलपाची भोकं धातूने मढवलेली हवीत. चाकं बदलता येतात का, तेही विचारा.

शेवटी रिकाम्या पेटीचं वजन बघा. विमान कंपन्यांची मर्यादा बरेचदा 23 किलोची असते आणि मोठी पेटी त्यातला चांगलाच वाटा एकटी खाते. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. पेटी चेक-इनला देणार असाल, तर तिच्यात बॅटऱ्यांसाठी खाचा कापूच नका.