रेम्ब्रांटचं ‘ओम्वाल’ कसं बघावं

अ‍ॅमस्टेल नदीकाठचं हे १६४५ चं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून काढलेलं छापचित्र, मोबाइलवर बघू नका. अप्पा बळवंत चौकातून मॅट कागदावर स्वच्छ प्रिंट काढून आणा आणि भिंग घ्या.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी डावीकडच्या झाडीत पाठवते. तिथल्या काळोखात एक जोडपं बसलंय, घाई केली तर दिसत नाही. तिथला मखमली काळा ड्रायपॉइंटचा: तांब्यावर थेट सुई ओढली की रेघेच्या कडेला धातूचा कीस उठतो, त्यात शाई अडकते. दर छापेला तो दबत जातो, म्हणून सुरुवातीचे छाप जास्त गडद.

मग उजवीकडे या. पाठमोरा टोपीवाला, होडी, पवनचक्क्या. रेघा किती विरळ! आकाश जवळपास कोरंच.

आता ओंकारेश्वराच्या घाटावर वही घेऊन बसा आणि मुठेचा पलीकडचा काठ तेवढ्याच मोजक्या रेघांत काढा. खोडरबर घरी ठेवा.