कम्युटेशन फेल्युअर पकडायचं तर आधी करंट बघा

कोल्हापुरात आमच्याकडं फायनल इयरची पोरं एचव्हीडीसीचे (उच्च दाबाच्या डीसी लाइनीचे) प्रोजेक्ट घेऊन येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, डीसी व्होल्टेज शून्यावर आपटलं म्हणजे कम्युटेशन फेल्युअर झालं, म्हणजे एका व्हॉल्व्हकडनं दुसऱ्याकडं करंट जायचा राहिला. तसं नसतंय भावांनो. डीसी लाइनवर फॉल्ट झाला तरी व्होल्टेज तसंच पडतं, मी स्वतः एका सिम्युलेशनमध्ये दोन दिवस लाइन फॉल्ट शोधत होतो आणि घोळ होता इन्व्हर्टरमध्ये.

आपली चंद्रपूर–पडघे लाइन घ्या, 1500 मेगावॅट, ±500 केव्ही, 752 किलोमीटर. पडघ्याला थायरिस्टरचा इन्व्हर्टर आहे, म्हणजे डीसीचं एसी करणारा, आणि त्यातला एकेक व्हॉल्व्ह म्हणजे थायरिस्टरांची माळ. थायरिस्टर गेटनं चालू करता येतो पण बंद गेटनं होत नाही, त्याला उलटं व्होल्टेज साधारण 400 मायक्रोसेकंद तरी मिळावं लागतं, 50 हर्ट्झला म्हणजे 7 अंशांच्या आसपास. एसी व्होल्टेज खाली बसलं की ओव्हरलॅप (एका व्हॉल्व्हकडनं दुसऱ्याकडं करंट जाताना दोन्ही चालू असतात तो वेळ) लांबतो, गॅमा अँगल (उलट्या व्होल्टेजला उरलेला वेळ, अंशांत) कमी पडतो आणि बंद व्हायला हवा तो व्हॉल्व्ह परत वाहायला लागतो.

आता करायचं काय, तर व्हॉल्व्ह बाजूचे तिन्ही फेजचे करंट घ्या, स्टार आणि डेल्टा ब्रिजचे (सहा-सहा व्हॉल्व्हच्या जोडणीचे) वेगवेगळे, सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) रेशो धरून डीसीच्या मापात आणा. दर क्षणी तिघांतला सगळ्यात मोठा आकडा, प्लस मायनस सोडून, डीसी करंटमधून वजा करा. ब्रिज ठणठणीत असेल तर उत्तर शून्याजवळ राहतं, ओव्हरलॅपमध्येसुद्धा, कारण तेव्हाही एक फेज पूर्ण करंट वाहतच असतो. फेल झालं की एकाच फेजचे वरचा-खालचा व्हॉल्व्ह दोन्ही चालू, करंट ट्रान्सफॉर्मरकडं जातच नाही, एसी करंट शून्याकडं आणि डीसी करंट वर. लाइन फॉल्टमध्ये इन्व्हर्टरचा डीसी करंट उलट खाली येतो, हाच फरक मला दोन दिवस दिसला नव्हता. आणि एसी करंट डीसीपेक्षा मोठा आला तर व्हॉल्व्ह शॉर्ट झालाय का बघा.

मग मागं जा. समजा 1 नंबरचा व्हॉल्व्ह 3 ला करंट देऊ शकला नाही, तर ब्रिज पूर्ण शॉर्ट होतो तो 4 पेटल्यावर (1 आणि 4 एकाच फेजचे वरचा-खालचा), 60 अंश म्हणजे जवळजवळ 3.3 मिलिसेकंद उशिरा. म्हणून व्होल्टेज जिथं आपटलं तिथं कारण शोधू नका, 3-4 मिलिसेकंद आधीचा एसी बसचा व्होल्टेज बघा, तिथं डिप किंवा झिरो क्रॉसिंग सरकलेलं सापडतंय.

सॅम्पलिंगकडं मात्र नीट लक्ष द्या. 1 किलोहर्ट्झला दोन सॅम्पलमध्ये 18 अंश जातात, अख्खा गॅमा त्यात हरवतो, 20 किलोहर्ट्झ घेतला की साधारण एक-एक अंश दिसतो.

फेल व्हायच्या आधीच चाहूल हवी असेल तर तिन्ही फेज व्होल्टेजची बेरीज बघा, एका फेजचा जमिनीशी फॉल्ट झाला की ती शून्य राहत नाही. तिन्ही फेज सारखेच बसले तर मात्र बेरीज शून्यच येते, तिथं अल्फा-बीटा करून (तीन फेजचं दोन आकड्यांत रूपांतर करून) मॅग्निट्यूड तपासा, आणि दोन्हीतलं काहीही हललं की फायरिंग (व्हॉल्व्हला गेटनं पेटवणं) थोडं आधी घ्या.