दिवंगत आमदारांची स्मरणिका काढताय? आधी हे वाचा

आपल्याकडे चार-पाच टर्म केलेला जुना आमदार गेला की पहिल्या दिवशी फ्लेक्स लागतात, तेराव्याला भाषणं होतात आणि मग वर्षश्राद्ध जवळ आलं की कुणीतरी म्हणतं, साहेबांवर स्मरणिका काढूया. आणि मग ते काम गावातल्या ज्याला बरं मराठी लिहिता येतं त्याच्या गळ्यात पडतं, म्हणजे माझ्यासारख्याच्या. मी हे काम एकदा केलंय, चुकत माकत केलंय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी एक करा, कार्यसम्राट, लोकनेते, भाग्यविधाते, विकासपुरुष हे शब्द एका कागदावर लिहा आणि तो कागद फाडून टाका. खरंच. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हे शब्द इतक्या वेळा होते की साहेबांचं नाव काढून शेजारच्या तालुक्यातल्या आमदाराचं टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तीच टेस्ट लावा, जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही पुढाऱ्याला चालतं ते वाक्य तुमच्या कामाचं नाही.

उदाहरण घ्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुखांचं. आता आबासाहेबांना साधी राहणी उच्च विचारसरणी म्हणून मोकळं होता येतं, पण त्यापेक्षा नुसतं सरळ लिहून बघा: १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, शेवटचे २०१४ ला, एकूण ११ वेळा, एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून म्हणजे शेकापमधून (शेतकरी कामगार पक्ष), मधे १९७२ ला आणि १९९५ ला पडले आणि दोन्ही वेळा पुन्हा उभे राहून निवडून आले. १९७८ ला आणि १९९९ ला मंत्री झाले, तरी लोकांना लक्षात राहिला तो एसटीनं फिरणारा आमदार. ३० जुलै २०२१ ला गेले. बघा, एकही विशेषण नाही. आणि ते दोन पराभव लिहायला लाजू नका, माझ्या मते पडलेला आमदार दुसऱ्या दिवशी कुठे होता यावरून माणूस जास्त कळतो. घरचे म्हणतील ते नको, त्यांना समजावून सांगा.

आता माहिती कुठून आणायची. बहुतेक जण घरच्यांकडून अल्बम आणतात आणि तिथेच थांबतात, पण आमदाराचं खरं काम सभागृहात असतं आणि ते सगळं नोंदलेलं असतं. विधानसभेत बोललेला जवळपास शब्द न शब्द कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, येतो. विधानभवनात विधानमंडळाचं ग्रंथालय आहे, तिथे जुनी कार्यवृत्तं आहेत, आधी लेखी अर्ज करा, काय हवंय ते वर्ष आणि अधिवेशन टाकून सांगा, नुसतं साहेबांची सगळी भाषणं द्या म्हणालात तर कुणी काही करू शकत नाही. बरीचशी कार्यवृत्तं विधानमंडळाच्या वेबसाईटवर पण मिळतात. तिथे तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा, कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात सुचवून त्याच्या कामावर बोट ठेवणारी) आणि अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या आमदारानं स्वतः मांडलेली) शोधा. अशासकीय विधेयक सहसा पास होत नाही त्यामुळे लोक सोडून देतात, पण त्या माणसाला मनातून काय हवं होतं ते तिथेच दिसतं, मंत्री नसताना, पक्षानं सांगितलेलं नसताना. आम्हाला एका दुष्काळाच्या वर्षातला चाऱ्याच्या डेपोवरचा प्रश्न सापडला, मंत्र्यांनी उत्तर दिलं की तक्रार खरी नाही आणि त्यावर साहेबांनी गावांची नावं आणि जनावरांचे आकडे सभागृहात वाचून दाखवले. ते एक पान आम्ही जसंच्या तसं छापलं आणि सगळ्यात जास्त लोकांनी तेच वाचलं.

शोकप्रस्ताव विसरू नका. दिवंगत सदस्यासाठी सभागृहात शोकप्रस्ताव येतो, त्यात त्यांची थोडक्यात कारकीर्द असते आणि विरोधी पक्षातले लोक पण बोलतात. आयुष्यभर ज्यांनी विरोध केला ते काय बोलले हे छापलं तर दहा कार्यकर्त्यांच्या लेखांपेक्षा भारी पडतं.

मतांचे आकडे निवडणूक आयोगाच्या अहवालातून घ्या, पीडीएफ फुकट मिळतात, कार्यकर्त्यांच्या आठवणीतून तर अजिबात घेऊ नका कारण आठवणीत लीड दरवर्षी वाढत जातो. एक गोची लक्षात ठेवा, २००९ पासून मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, त्यामुळे जुन्या निवडणुकीतली काही गावं आता भलत्याच मतदारसंघात असतील, त्या गावातल्या लोकांना पण बोलवा. आणि आमदार फारच जुने असतील, म्हणजे १९५२ सालचे, तर आणखी गंमत आहे, तेव्हा मराठवाड्याचे आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसायचे आणि विदर्भाचे जुन्या मध्य प्रदेशच्या, ती १९५६ पर्यंत नागपूरलाच भरायची. मग मुंबईत शोधून काय सापडणार.

लोकांच्या आठवणी गोळा करताना "साहेबांबद्दल दोन शब्द सांगा" असं विचारूच नका, समोरचा लगेच भाषणाच्या सुरात जातो. "तुम्ही त्यांच्याकडे कुठलं काम घेऊन गेला होतात, आणि झालं का?" असं विचारा. नाही झालं म्हणणारा पण हवाच. आणि पुढाऱ्यांआधी पीए, ड्रायव्हर आणि घरी चहा करणाऱ्या मावशी यांच्याकडे जा. आमच्या इथल्या पीएंकडे शिफारसपत्रांच्या कार्बन कॉप्यांची पूर्ण पेटी निघाली, कुणाचा बदलीचा अर्ज, कुणाच्या पोराचं हॉस्टेल, कुणाच्या विहिरीचं वीज कनेक्शन. छापताना मात्र नावं काढून टाका, कुणाची अडचण चव्हाट्यावर आणायचा हक्क आपल्याला नाही.

फोटोंचं पटकन सांगतो. मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका, स्कॅन करा, आणि मागे पेन्सिलनं तारीख, ठिकाण आणि उभे कोण कोण ते लिहून घ्या, म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होतं. मुख्यमंत्र्यांबरोबर हार घातलेले फोटो दोन बास.

लेखांचं राजकारण होणार, धरून चाला. मोठ्या नेत्याचा लेख पीए लिहून पाठवतो आणि त्यात साहेबांपेक्षा नेत्याचंच कौतुक जास्त असतं, तो शुभेच्छा संदेश म्हणून अर्ध्या पानावर बसवा. जाहिराती घेतल्या तर शेवटी घ्या, मधे नको, नाहीतर डोळ्यात पाणी आणणारा लेख संपतो आणि समोर ट्रॅक्टरचा शोरूम येतो.

प्रूफ तीन जणांनी वाचा, त्यातला एक तरी भावकीतला हवा कारण नाती आणि गावांची नावं तोच पकडतो. छापून आलं की एक प्रत विधानमंडळाच्या ग्रंथालयाला, एक तालुक्याच्या वाचनालयाला आणि जिथे साहेब शिकले त्या शाळेला द्या.

आणि शेवटची दोन पानं कोरी सोडा. कार्यक्रमाच्या दिवशी कुणीतरी पाठीमागून येऊन म्हणणारच, अहो आमच्या गावच्या पुलाचं तर राहिलंच की. तेव्हा त्याच्या हातात पेन द्या.